बापाची कडी

(वटार. दुपारची जेवणं उरकली आहेत. वाडीतल्या घराची ओटी. काशीराम, त्याची थोरली बहीण रंभा, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी गाणारी धवलारीन, आणि त्याची मुलगी रीमा. रीमाची हळद परवा आहे; नवरा मुलगा प्रितेश.)

रीमा : प्रितेशचे बाबा फोनवर नेमकं काय म्हणाले? नीट सांग ना पप्पा.

काशीराम : पहिलं विचारलं, व्याही, गुडघा कसा हाय.

रीमा : मग?

काशीराम : कुठला गुडघा, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, बरा हाय.

रीमा : डावा! किती वेळा सांगू, डावा.

रंभा : ह्याच्या गुडघ्याला काय झालं गो? सकाळी तर माडावर चढायला निघाला व्हता. मीच वरडले, पोरीची हळद तोंडावर आलीय, खाली ऱ्हा मेल्या.

काशीराम : तुझ्या भाचीनं ऑपरेशन केलंय त्याचं, बाय. मी दारू सोडवायच्या केंद्रात होतो तेव्हा हिची सोयरीक जमत होती. बाप कुठे म्हनून विचारलं तर हिनं सांगितलं, गुडघ्याच्या ऑपरेशनला नेलाय. तेव्हापासून व्याही आत्मारामभाऊ दारात आले की मला लंगडावं लागतं. एकदा उजव्या पायानं लंगडलो.

रीमा : आणि प्रितेशने बघितलं. मला विचारत होता, दोन्ही केले का.

रंभा : अगो बाय माझे!

रीमा : हसू नकोस आत्या. मग काय सांगायचं होतं मी? पहिल्याच भेटीत सांगू, की माझे वडील पितात, आत्ता सुटावी म्हणून ठेवलंय, पोहे घ्या?

काशीराम : मी कुठे बोललो तुला काय? तेव्हाचं तेव्हा. आता पुढचं ऐक. म्हनाले, परवा हळदीला येताना बाटली घेऊन येतो. चांगली, खास मागवलेली. म्हनाले, आम्ही फुलपाड्याला फ्लॅटमध्ये ऱ्हातो म्हनून रीत विसरलो असं समजू नका. व्याहीभेटीचा पहिला प्याला माझ्या हातचा.

रंभा : मंग बरोबरच बोलला. नोकरीत जन्म गेला, पन मानूस रीतीचा हाय. व्याह्यानं व्याह्याला मांडवात प्याला द्यायचा, तवा धवलारीन बापाची कडी गाते. आपल्या घरच्या धवल्यातच हाय ते.

काशीराम : तेच म्हनतोय. ती कडी परवा गायची नाय.

रंभा : काय?

काशीराम : मी दुसरी बांधलीय. ती गा.

रंभा : धवला काय भाजी हाय, आज कार्लं नको म्हनून दुधी घातला? हळदीला देवांना बोलवायचं, मेलेल्या आज्यापंज्यांना नावं घेऊन बोलवायचं, ते ह्याच गान्यानं. आयनं मला जसं दिलं तसं मी गाते. माझे दात गेले, एक शब्द गेला नाय.

रीमा : पप्पा, एवढं कशाला? एक ग्लास ना? मी त्यात कोला भरून देते. रंग तोच दिसतो. तू ओठाला लाव आणि ठेव, कोणाला कळणार पण नाही.

काशीराम : हे मी उलटं केलंय. ग्लास कोल्याचा, आत दारू. तुझ्या आईला पन नाय कळलं, कितीतरी दिवस.

रीमा : पण आता आत कोलाच असेल ना.

काशीराम : आत काय हाय ते सोड. मांडवात सगळ्यांदेखत मी दारू प्यायचं सोंग करनार. व्याही पाठीवर थाप मारनार, म्हननार अजून एक. तेव्हा मी काय सांगू? गुडघा दुखतो?

रंभा : नुसता ओठाला लाव की रे खरीच. देवाचं नाव घेऊन. एका घोटानं कोन मरतो?

काशीराम : तू जेवताना पापड खातेस, एक खाऊन थांबतेस. मला एक नसतो, बाय. एक घोट घेतला की मी हळद संपेपर्यंत मागच्या वाडीत पडलेला असेन, आन हिला बापाविना मांडवात बसवाल. मला परवा उभं ऱ्हायचंय. बास, एवढंच पाहिजे मला.

रीमा : मग सांगू, शुगर आहे. डॉक्टरने मना केलंय.

काशीराम : गुडघा आन आता शुगर. लग्नापर्यंत मला किती रोग लावशील?

रीमा : जोक नको रे. मला खरंच टेन्शन आलंय.

काशीराम : जोक नाय करत. बाटली मी केळीच्या बुंध्यात लपवायचो. विहिरीच्या कोनाड्यात लपवायचो. आता बाटली गेली, तर हे गुडघ्याचं लपवतो. लपवलं की घसा कोरडा पडतो, तसाच, पहिल्यासारखा. माझं लपवनं म्हंजे निम्मं पिनं. हे मला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला कोनी शिकवलं नाय, माझं मला कळलं.

रंभा : बरं, तुझं दुखनं कळलं. पन धवल्याला हात लावू देनार नाय मी. तुझी कडी तू माईकवर बोल, जेवनं झाल्यावर. जुनं ते जुनं.

काशीराम : म्हन बघू ती जुनी कडी.

रंभा : आता? बसल्या बसल्या?

काशीराम : म्हन ना. रीमाने पन नीट ऐकली नसेल कधी.

रंभा : ऐक गो मंग.
नवरीच्या बापाला मांडवी बोलवा,
व्याह्याच्या हाताचा प्याला त्या पाजवा.
प्याल्याशिवाय गो हळद चढेना,
डोळ्यांचा पंप गो बंद की पडेना.

रीमा : वॉव आत्या. शेवटची लाईन काय मस्त आहे.

काशीराम : कुनाकडून शिकलीस?

रंभा : आयकडून. नाय, ही एक यमुनाकडून. ती नाळ्याची धवलारीन, गेली बिचारी. तिच्याकडं आयच्याहून जास्त जुनं व्हतं. लय जुनी हाय ही. आज्या पंज्यापासूनची.

काशीराम : पंज्याच्या वाडीत पंप होता काय, बाय?

रंभा : म्हंजे?

काशीराम : पंज्याच्या वाडीत. पंप. विजेचा.

रंभा : ... रहाट व्हता. बैल फिरायचा.

काशीराम : आन आज्याच्या वाडीत?

रंभा : रहाटच. पंप तर बाबांनी बसवला. मी लग्न होऊन गेल्यावर.

रीमा : थांब थांब. म्हणजे ही कडी जुनी नाहीच?

काशीराम : मावशीच्या मुलीचं लग्न, नाळ्याला. बाय, तू तेव्हा बाळंतीन होतीस, आली नव्हतीस. दोन व्याही मानपानावरून फुगून बसले होते, एक ओटीवर, एक मांडवाच्या बाहेर. मी बरीच प्यायलो होतो. पंपाच्या खोलीमागं आम्ही पोरं बसलो होतो, पंप धडधडत होता. कोन तरी म्हनालं, काशा, तू शब्द जोडतोस, काय तरी बांध, ह्या दोघांना एकत्र आन. बांधली. मांडवात जाऊन मोठ्यानं म्हटली. यमुनाबाईनं लगेच उचलली. व्याही हसले, एका ग्लासातून प्यायले. मला सगळ्यांनी खांद्यावर घेतला.

रंभा : मेल्या! ती तुझी?

काशीराम : माझी.

रंभा : मी सगळ्या गावांत गायले. चांगल्या चांगल्या घरांत. देवाच्या पुढ्यात गायले! डोळ्यांचा पंप, आन मला कधी सुचलं नाय!

रीमा : आत्या, पाणी देऊ?

रंभा : पानी नको, ह्याला दे एक कानाखाली. येवढी वर्सं तोंड बंद ठेवून बसला.

काशीराम : सांगून काय करू? ज्या मांडवात जायचो तिथं ती कडी लागायची आन कोन तरी ग्लास पुढं करायचा. मला वाटायचं, मी चांगलं बांधतो ते पितो म्हनूनच. प्यायलो नाय तर शब्द येनार नाय. सोडायची भीती तीच होती. हातपाय कापतील, घाम फुटेल, ते सगळं चालेल. पन आतून रिकामा झालो तर?

रीमा : मग? आले शब्द?

काशीराम : केंद्रात नाय आले. बाहेर आल्यावर चर्चच्या हॉलमधे मीटिंगला जायला लागलो. तिथं उभं ऱ्हाऊन आपलं सांगायचं असतं. सगळे सांगायचे. मी उभा ऱ्हायचो, नाव सांगायचो, बसायचो. ती व्हेरोनिकाबाई हाय ना, हॉलची किल्ली सांभाळते, तिनं एकदा पकडलं. म्हनाली, काशीराम, तुम्ही लग्नात गाता ना, मग बोलता येत नाय तर गा. दारूशिवाय गाऊन तर बघा, आमचं छप्पर काय पडत नाय.

रीमा : आणि तू गायलास? सगळ्यांसमोर?

काशीराम : गायलो. घोगरा आवाज, ताल गेला. पन गायलो.

रीमा : मला कधी म्हणून दाखवलं नाहीस.

काशीराम : तुला काय दाखवू? तू तर सगळं बघितलेलं.

रीमा : बघितलंय ना! म्हणूनच. शाळेत कोणी विचारलं की मी सांगायचे, पप्पा रात्रपाळीला जातात म्हणून सकाळी झोपलेले असतात. मैत्रिणींना घरी कधी आणलं नाही. आता वालीवला ऑफिसमध्ये विचारतात, वडील काय करतात, तर मी विषय बदलते. लहानपणापासून मी तुला लपवतेय. मला येतं ते, मी त्यात एक्स्पर्ट आहे. आणि तू तिकडे हॉलमध्ये, अनोळखी लोकांना, गाऊन सांगतोस? मला सोडून?

रंभा : बोल आता. पोरगी बरोबर बोलते.

काशीराम : बरोबर बोलते. ऐक मंग. ही पहिली.
हात कापे सकाळी, चहा बशीत सांडे,
पुसणाऱ्या हाताशी तोच हात भांडे.

रीमा : हे आईचं आहे.

काशीराम : तिचंच. तिला म्हटली तेव्हा पदर डोळ्याला लावला, आन मंग म्हनाली, अजून पन सांडतोसच, ते प्यायल्यामुळं नाय, तू आहेसच धांदरट.

रीमा : अजून आहे?

काशीराम : एक हाय. वाडीत बसून झाली.
केळीचा चीक सदऱ्याला, धुतला तरी जाईना,
माणूस झाला नवा तरी सदरा नवा होईना.

रंभा : हं. ही बरी हाय. चीक खरंच जात नाय.

काशीराम : सदरा टाकून देता येत नाय, बाय. तोच घालून हिंडायचं. लोक डाग बघनार. बघू देत. डाग हाताने झाकून चाललो तर हातानं काम कसं करू?

रीमा : आणि त्यांनी लग्नच मोडलं तर?

काशीराम : तर बाप म्हनून माझ्यामुळं मोडलं. ते माझ्या माथ्यावर. मी तुला फसवत नाय, पोरी, हे होऊ शकतं. म्हनून तर तुला विचारतोय. तुझी हळद हाय. तू नाय म्हनालीस तर कडी गायची नाय. मी व्याह्याला बाजूला घेऊन, हळू सांगेन, मला चालत नाय. पन शुगर नाय सांगनार. आन प्याला तर ओठाला लावनार नाय, कोलाचा पन नाय. तेवढं ठरलं.

रंभा : नवी कडी म्हन आधी. नुसतं कडी कडी चाललंय.

काशीराम : नवरीच्या बापाला मांडवी बोलवा,
शहाळ्याचं पानी त्या घोटभर पाजवा.
बाप हा होता गो प्याल्यात बुडाला,
लेकीच्या हळदीला काठाशी लागला.
व्याह्या रे दादा तू राग नको मानू,
भरला प्याला तो पुढ्यात नको आनू.

रंभा : परत म्हन. तिसरी ओळ.

काशीराम : बाप हा होता गो प्याल्यात बुडाला.

रंभा : चालीत बसते. हलकट, बसते चालीत.

रीमा : पप्पा, माझा मोबाईल कुठेय?

काशीराम : त्या फळीवर. का?

रीमा : मी प्रितेशला फोन करते. मांडवात आत्याच्या तोंडून कळायच्या आधी त्याला माझ्याकडून कळलं पाहिजे. खोटं मी बोललेय, तू नाही.

काशीराम : मी बोलू?

रीमा : नको. प्लीज. इथे रेंज पण नाही येत, मी विहिरीपाशी जाते.

रंभा : जा गो. पाय सांभाळ, शेवाळ हाय तिथं.

काशीराम : गेली.

रंभा : बस खाली. सारखा उठू नको. तिचं तिला करू दे.

काशीराम : बाय, तिचा चेहरा बघितलास?

रंभा : बघितला. तुझ्यावर गेलीय, हट्टी. आता मला खरं सांग. परवाची भीती वाटते?

काशीराम : वाटते. व्याह्याची नाय. बाटलीचं बूच फिरवतात ना, तो आवाज येतो, कट करून. तो ऐकला की अजून तोंडाला पानी सुटतं. तू कडी गायलीस की मांडवातली सगळी मानसं ऐकतील. नंतर मला ग्लास द्यायची कोनाची छाती होनार नाय, आन माझी घ्यायची होनार नाय. देवाला, आज्याला, मेलेल्या बाबांना, सगळ्यांना बोलावतेस ना तू? त्यांच्यादेखत गा. मला साक्षीदार पाहिजेत, बाय. जेवढे जास्त तेवढे बरे.

रंभा : बाबा पन प्यायचेच की.

काशीराम : म्हनून तर त्यांना पुढं बसव.

रंभा : बरं. पन तुझी कडी अर्धी हाय. व्याह्यावर संपवता येत नाय. शेवटी बापाचं काय झालं ते पाहिजे, नाय तर मागून ओळ झेलनाऱ्या बायका तोंड उघडून बसतील.

काशीराम : शेवट हाय. म्हनायला लाजत होतो.
उद्याचं उद्याला, कालचं सरलं,
आजच्या दिवसाला तारू हे तरलं.

रंभा : तारू तरलं, चांगलं. पन आजच्या दिवसाला काय? जन्माचं तरलं, असं कर. लग्नाचं गानं हाय. भरलेलं बोलावं.

काशीराम : नाय.

रंभा : अरे मात्रा पन बसतात! जन्माला माझ्या गो तारू हे तरलं. ऐक कसं वाटतं.

काशीराम : गोड वाटतं. पन मी जन्माचं बोलत नाय. आधी किती वेळा बोललो, आठव. आयच्या दहाव्याला बोललो. रीमाच्या बारशाला बोललो, देवळात जाऊन बोललो. जन्माची सोडली, जन्माची सोडली. दर वेळी महिन्याच्या आत बुंध्यात हात. आजची मात्र पाळता येते मला. सकाळी उठलो की आजची.

रंभा : देवाला आजच्यापुरतं कसं सांगू रे?

काशीराम : देव उद्या पन असनारच हाय. उद्या परत सांगू.

रंभा : तुझ्याशी बोलून जिंकता येत नाय. प्यायचास तेव्हा बरं होतं, लवकर झोपायचास.

काशीराम : आली बघ. काय झालं गो?

रीमा : सांगितलं. सगळं. केंद्राचं, गुडघ्याचं, शाळेतलं पण सांगून टाकलं, का ते माहीत नाही.

रंभा : आन तो?

रीमा : पहिलं काय म्हणाला, माहितीये? म्हणजे गुडघा ठीक आहे ना?

काशीराम : असं म्हनाला?

रीमा : हो. मग मला रडू आलं, आणि तो म्हणाला, रडू नकोस, पण तू मला आधी सांगायला हवं होतंस. चिडलाय थोडा. चिडू दे, बरोबर आहे त्याचं. त्याच्या बाबांना तो स्वतः सांगणार आहे, आज संध्याकाळीच. ते काय म्हणतील त्याला पण माहीत नाही. कदाचित तोंड पाडून येतील म्हणाला, पण येतील. बाटली आणतील की नाही, ते नाही सांगता येत.

काशीराम : आनू देत. आपलं आपल्याकडं तयार पाहिजे. शहाळी उतरवायला सांगतो.

रंभा : दोन वेगळी ठेव, चांगली बघून. एक तुझं, एक व्याह्याचं. कडी संपली की मी त्याच्या हातात देईन, मंग बघते कसा नाय घेत.

रीमा : आत्या, कडी तू गायलीस की मागून झेलणार कोण?

रंभा : आपल्या बायका असतात की.

रीमा : त्यांना नवीन कडी कुठे येते? मला शिकव. मी झेलीन.

रंभा : नवरी? अंगाला हळद लागताना? कधी कोनी ऐकलंय?

रीमा : पंप पण कोणी ऐकला नव्हता.

रंभा : बापाची पोरगी! ये, बस इथं. पाय दुमडून बस. मी म्हनेन, तू माझ्या मागून. शेवटच्या दोन ओळी आधी, त्या अवघड हायत. उद्याचं उद्याला, कालचं सरलं...

रीमा : उद्याचं उद्याला, कालचं सरलं...

रंभा : आजच्या दिवसाला तारू हे तरलं.

रीमा : आजच्या दिवसाला... सॉरी, परत. आजच्या दिवसाला तारू हे तरलं.

रंभा : आवाज बरा हाय हिचा. दबून गाऊ नको, मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं पाहिजे. आन काशा, हळदीचं तर भागलं. लग्नाच्या दिवशी पन बापाची कडी लागते, मुलगी निघताना. तेव्हा हीच गाऊ, का दुसरी देतोस?

काशीराम : दुसरी.

रंभा : मंग दे की आताच. शिकायला वेळ नको?

काशीराम : ती त्या दिवशी सकाळी उठून बांधीन.